एकाच विनोदावर आजोबा हसतात, नातू नाही: असं का?

एआयला ‘एखादा विनोद सांग’ म्हटलं की पहिले दोन-तीन बरे वाटतात, मग गाडी फिरून फिरून तिथंच येते. जर्मनीतल्या दोन संशोधकांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीकडून असे १००८ विनोद काढून घेतले. त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणजे त्याच २५ विनोदांची आवर्तनं निघाली. त्या पंचविसांत एक बुजगावणं बरंच वर होतं. मराठीत ते असं उतरतं:

‘बुजगावण्याला बक्षीस का मिळालं? कारण ते आपल्या क्षेत्रात उत्कृष्ट होतं.’

कुणी हसलं नसेल. वाक्य शुद्ध आहे, भाषांतरही चुकलेलं नाही, विनोद तेवढा वाटेत सांडला. मूळ इंग्रजीत ‘फील्ड’ म्हणजे शेतही आणि कामाचं क्षेत्रही. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उत्कृष्ट, आणि तोडून वाचलं तर ‘बाहेर उभं’. मराठीतला ‘शेत’ हा शब्द खरं तर ‘क्षेत्रा’वरूनच आला, पण हे दोघे भाऊ केव्हाच वेगळे निघाले. आता एकाला हाक मारली तर दुसरा ओ देत नाही.

मग वाटेत सांडलं ते नेमकं काय? ते कळलं की आणखी बऱ्याच गोष्टी उलगडतात: मोठ्यांचे विनोद मुलांना का कळत नाहीत, विनोदांचं पुस्तक वाचताना दहाव्या पानावर जांभई का येते, आणि घरातल्या लहानथोर सगळ्यांना चालेल असा संग्रह करायचा तर त्यात काय घ्यायचं.

## आठ शब्दांचा नमुना

एक छोटा विनोद हाताशी धरू. शेवटपर्यंत तोच वापरायचा आहे.

‘डॉक्टर, ऑपरेशननंतर मी वाचेन ना?’
‘अगदी बारीक अक्षरसुद्धा.’

मोजून आठ शब्द. पहिल्या पाचांत ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र तयार होतं: घाबरलेला रोगी, जिवावरचं दुखणं. ‘वाचणे’ला दोन अर्थ आहेत हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. शेजारी ‘डॉक्टर’ आणि ‘ऑपरेशन’ बसलेले असल्यामुळे मेंदू ‘जीव वाचणे’ हा अर्थ न विचारताच उचलतो. मग उत्तर येतं आणि ते त्या चित्रात बसत नाही. जिवाचा आणि बारीक अक्षराचा काय संबंध? क्षणभरात मेंदू मागे जातो, बाजूला टाकलेला दुसरा अर्थ उचलतो आणि सगळं जुळतं. ऑपरेशन डोळ्यांचं आहे.

यातली खरी गोम अशी, की ‘डोळा’ हा शब्द त्या आठांत कुठेच नाही. तो ऐकणाऱ्यानं स्वतः भरला. सांगणाऱ्यानं फक्त जागा रिकामी ठेवली होती.

तीन शब्द इथेच ठरवून घेऊ, म्हणजे पुढे अडायला नको. सुरुवातीचं वाक्य, जे चित्र उभं करतं, ती ‘मांडणी’. शेवटचा फटका म्हणजे रंगभूमीवरची मंडळी ज्याला ‘पंच’ म्हणतात तो. आणि ज्या शब्दावर किंवा कल्पनेवर गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, त्याला रेल्वेतलाच शब्द वापरून ‘सांधा’ म्हणू. इथे सांधा आहे ‘वाचेन’. बुजगावण्याचा सांधा होता ‘फील्ड’. भाषांतरात रूळ एकच उरला, मग गाडी वळणार कुठे?

हसू म्हणजे ताणलेल्या अपेक्षेचं एकदम काहीच न होणं, अशा अर्थाचं इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ १७९० मध्ये लिहून गेला. पण नुसता अपेक्षाभंग पुरत नाही. आपल्या रोग्याला डॉक्टरांनी ‘अगदी हिरवी छत्रीसुद्धा’ असं उत्तर दिलं तर अपेक्षाभंग जबरदस्त आहे, विनोद मात्र शून्य. जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये हे दोन पायऱ्यांत मांडलं: आधी विसंगती, मग तिची उकल. उत्तर आधी चुकीचं वाटलं पाहिजे आणि लगेच एका वेगळ्या हिशेबानं बरोबर निघालं पाहिजे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या लोकांना विनोदाचा शेवट निवडायला सांगितलं, तर त्यांतले बरेच जण धक्का देणारा पण असंबद्ध शेवट निवडतात, असं १९८३ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे हिरवी छत्री. पहिली पायरी शाबूत, दुसरी गळालेली.

## आता तोच मोडून बघू

विनोद समजावून सांगितला की मरतो, असा आक्षेप इथे यायचाच. बरोबर आहे. या एकाचा बळी देऊ. जगात विनोद पुष्कळ आहेत.

‘डॉक्टर, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी वाचेन ना?’ असं म्हणून बघा. एकच शब्द वाढला आणि सगळं संपलं, कारण दुसरा रूळ आधीच दिसला. घरगुती सांगण्यात सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून नकळत तो सुरुवातीलाच फोडतो.

‘मी वाचेन ना’च्या जागी ‘मला वाचता येईल ना’ म्हटलं तर फक्त पुस्तकाचा अर्थ उरतो. ‘मी जगेन ना’ म्हटलं तर फक्त जिवाचा. दोन्ही रुळांवर चालणारं रूप ‘वाचेन’ हे एकच. कोटीच्या विनोदात शब्द जसाच्या तसा लागतो तो यासाठी. ‘काहीतरी असं होतं बघा, त्याला डॉक्टर म्हणतात…’ या वाटेनं तो कधीच पोचत नाही.

आता पंच बघू. ‘अगदी बारीक अक्षरसुद्धा वाचता येईल तुम्हाला.’ व्याकरणाला हे वाक्य जास्त पूर्ण आहे, विनोदाला लंगडं. ‘अक्षर’ शब्दाशी गाडी वळली, ऐकणारा हसायला लागला, आणि मागून तीन शब्द रिकाम्या डब्यांसारखे खडखडत येतायत. ही मराठीची खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि विनोदाला तर महत्त्वाचा शब्द शेवटी हवा असतो. त्यावर मुरलेले सांगणारे दोन उपाय करतात. एक तर क्रियापद गिळतात, जसं इथे गिळलंय. नाही तर ते उचलून आधी आणतात: ‘वाचाल की, अगदी बारीक अक्षरसुद्धा.’ दुसरा प्रकार बोलताना चालतो, पण ‘वाचाल’ ऐकूनच तल्लख माणूस सावध होतो. गिळलेलं बरं.

‘बारीक’ काढला तर? ‘अगदी पुस्तकसुद्धा’ म्हटलं तरी विनोद होतो, पण फिका. डोळ्यांच्या दवाखान्यातला तो तक्ता, खाली खाली लहान होत जाणारी अक्षरं, हे सगळं ‘बारीक’मधून येतं. विशेषण टाकायचं तर असं, ज्याच्यावाचून चित्र दिसत नाही.

आणि शेवटी ‘कारण ऑपरेशन डोळ्यांचं होतं!’ असं शेपूट जोडणं. छापील संग्रहांत हे कंसातल्या उद्गारचिन्हांसकट सापडतं. ज्याला कळलं त्याचा अपमान, ज्याला नाही कळलं त्याला उशीर.

## चार वर्षं, आठ वर्षं, ऐंशी वर्षं

बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की माणसाकडे बघून हसू लागतं आणि तीन-चार महिन्यांत आवाज काढून खिदळतं. पुढे काही महिन्यांनी तोंड हातांआड लपवून ‘कुकूक’ केलं की त्याला हसू आवरत नाही. चेहरा गेला ही मांडणी, चेहरा आला हा पंच. अडीच वर्षांचं मूल मोजा हातात घालतं, मांजराला मुद्दाम ‘भू भू’ म्हणतं आणि स्वतःच हसतं. मोजा कुठे घालायचा हे त्याला नुकतंच पक्कं कळलेलं असतं, म्हणून ही चूक गमतीची. ज्याला बरोबर काय ते ठाऊक नाही, त्याला चुकीचं हसू येत नाही. हा नियम ऐंशी वर्षांपर्यंत लागू आहे.

चार-पाच वर्षांचं मूल कोडी घालायला लागतं, आणि ती अशी असतात: ‘हत्ती पलंगाखाली का लपला? कारण त्याला शेपूट आहे!’ मग गडबडा लोळतं. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. पण त्यानं एक महत्त्वाची गोष्ट आत्मसात केलेली असते: प्रश्न, उत्तर, मग हसायचं. साचा तयार आहे, आत ओतायचा माल अजून यायचाय. हिरवी छत्री या वयाला मनापासून आवडते. आपला ‘वाचेन’चा विनोद मात्र या मुलाला सांगितला तर ते शांतपणे म्हणेल, ‘चष्मा लावला की दिसतं.’ ऑपरेशन या शब्दानं मोठ्यांच्या पोटात जो गोळा येतो तो त्याच्या पोटात येत नाही, त्यामुळे गाडी पहिल्या रुळावर चढतच नाही.

सहा ते आठच्या दरम्यान मोठा बदल होतो. आत्तापर्यंत शब्द म्हणजे काचेसारखा: त्यातून पलीकडची वस्तू दिसायची. आता काच स्वतः दिसायला लागते. एकाच आवाजात दोन अर्थ राहू शकतात हा शोध लागला की घरादाराला कोट्यांचा आणि कोड्यांचा पूर येतो. तो बराच काळ टिकतो, घरच्यांनी दम धरावा. पॉल मॅकगी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये दाखवलं, की मुलांना सर्वांत जास्त आवडतात ते त्यांच्या समजेच्या अगदी काठावरचे विनोद: फार अवघड नाहीत, फार सोपेही नाहीत. म्हणून आठव्या वर्षी पाठ केलेली कोटी बाराव्या वर्षी ‘बाळबोध’ होते. बाराच्या पुढे विनोद हे आपल्या टोळीचं ओळखपत्र होतं. आईला कळला तर तो विनोद बाद.

उतारवयात काय होतं, याबद्दल गैरसमज फार. कॅनडात २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात वृद्धांना विनोदांचे योग्य शेवट निवडायला दिले तेव्हा तरुणांपेक्षा त्यांच्या चुका जास्त झाल्या, पण कळलेल्या विनोदाचा आनंद घेण्यात ते तसूभरही मागे नव्हते. डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात, तेवढाच फरक. त्यामुळे ज्या विनोदात तीन पात्रं, चार नाती आणि दोन गावं लक्षात ठेवायची आहेत, तो आजोबांना सांगताना एक पात्र कमी करा. शिवाय ऐकू कमी येत असेल तर पंच मोठ्यानं, नेहमीच्या पट्टीत सांगा. बहुतेक लोक नेमका शेवटचा शब्द हसत, आवाज खाली नेत म्हणतात, आणि मग ‘आजोबांना विनोद कळत नाहीत’ असं ठरवतात.

आपल्या आठ शब्दांवर आजोबा नातवापेक्षा जास्त का हसतात, हेही इथेच कळतं. मोतीबिंदू त्यांच्या ओळखीचा आहे. बारीक अक्षर त्यांनी रोज लांब धरून वाचलंय.

## भीती हवी, पण खोटी

विसंगती आणि उकल दोन्ही असून एखादा विनोद घशात अडकतो. तोच ‘वाचेन ना’ उद्या ज्याला खरोखरच ऑपरेशन टेबलावर जायचंय त्याला सांगा. सांधा तोच, शब्द तेच, पण पहिला रूळ त्याच्यासाठी खरा आहे. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये याचं सोपं सूत्र मांडलं: काहीतरी बिघडलेलं, मोडलेलं, मर्यादा ओलांडलेलं दिसलं पाहिजे आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवी आहे हेही कळलं पाहिजे. बिघाडच नसेल तर कंटाळा. निरुपद्रवीपणा नसेल तर राग, भीती किंवा किळस.

गुदगुल्या हे याचं सर्वांत जुनं उदाहरण. ओळखीच्या माणसानं केल्या तर हसू, अनोळखी माणसानं केल्या तर किंकाळी, आणि स्वतःला स्वतः केल्या तर काहीच नाही, कारण हात कुठे जाणार हे मेंदूला आधीच ठाऊक.

आपल्याकडे नाट्यशास्त्रानं हास्याचं मूळ ‘विकृता’त, म्हणजे जागेवरून हललेल्या वेषात, बोलण्यात, चालण्यात सांगितलंय. कंबरेची मेखला छातीवर बांधली तर शोभा नाही, हसू येईल. हातात मोजा घालणाऱ्या त्या अडीच वर्षांच्या पोराला हे शास्त्र न वाचता ठाऊक असतं.

## ‘सगळ्या वयांसाठी’ म्हणजे मिळमिळीत का?

असा समज आहे खरा, आणि त्याला बाजारातले बरेच संग्रह जबाबदार आहेत. ‘आबालवृद्धांसाठी’ म्हणताना चावट, टोकदार, थोडं काळं असं सगळं उपसून टाकतात आणि उरलेला चोथा देतात. खरा सर्ववयीन विनोद वेगळा असतो. त्याला दोन-तीन दारं असतात. ज्याला जे उघडेल त्यानं त्यातून आत यावं.

आज हाती असलेला सर्वांत जुना विनोदसंग्रह ग्रीक आहे, ‘फिलोगेलोस’. काळ साधारण चौथं-पाचवं शतक, विनोद सुमारे २६५. त्यातला एक असा: बडबड्या केस कापणाऱ्यानं विचारलं, ‘कसे कापू?’ गिऱ्हाईक म्हणालं, ‘न बोलता.’

दीड हजार वर्षं आणि एक अख्खी भाषा ओलांडून हा धडधाकट आला, बुजगावणं मात्र एका भाषांतरात गेलं. कारण याचा सांधा शब्दात कमी आणि माणसाच्या स्वभावात जास्त आहे. ‘कसे’ हा प्रश्न प्रकाराबद्दल की पद्धतीबद्दल, ही शंका जवळजवळ कुठल्याही भाषेत राहते. सात वर्षांच्या मुलाला यात फक्त उलटं उत्तर दिसतं आणि तेवढ्यावर ते हसतं. मोठ्या माणसाला त्यात मानेला टॉवेल बांधून अडकल्याची लाचारी दिसते. दारं दोन, विनोद एक.

त्याच संग्रहातला नेहमीचा नायक म्हणजे एक शिकलेला पण व्यवहारशून्य माणूस. समर्थांनी ‘पढतमूर्ख’ म्हणून ज्याची लक्षणं दिली त्याचाच ग्रीक भाऊ. जुळ्यांतला एक वारला. पुढे दुसरा रस्त्यात भेटला तेव्हा या पंडितानं विचारलं, ‘गेला तो तू की तुझा भाऊ?’ हा दहा वर्षांच्या मुलाला कळतो, नव्वद वर्षांच्यालाही. पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा वहीतच राहू द्या. भीती खोटी हवी, ती ही.

फिलोगेलोसमधले बरेच विनोद आज थंड आहेत. अब्देरा, सिडोन आणि कायमी या तीन गावांची माणसं मूर्ख, एवढ्याच आधारावर कितीतरी उभे आहेत. ती गावं कुणाच्या खिजगणतीत नाहीत, त्यामुळे मांडणीतच जीव नाही.

## ‘हल्ली कशावरही कुणाच्या भावना दुखावतात’

क्रिस्टी डेव्हिस या समाजशास्त्रज्ञानं देशोदेशीचे ‘अमुक लोक मूर्ख’ छापाचे विनोद गोळा केले तेव्हा लक्षात आलं, की विनोद तेच असतात, फक्त लोकांचं नाव बदलतं. प्रत्येक देशानं त्यासाठी आपला एक शेजारी किंवा काठावरचा समाज धरलेला. यातून एक कामाची कसोटी मिळते. विनोदातल्या जातीचं, गावाचं, धर्माचं नाव काढून तिथे दुसरं कुठलंही टाका. विनोद तसाच चालला, तर त्या नावाचं तिथे काही कामच नव्हतं. काढून टाका, तिथे पढतमूर्ख बसवा. वरच्या ग्रीक विनोदात ‘न्हावी’ न म्हणता ‘केस कापणारा’ म्हटलंय; विनोदाला कात्री लागते, जात लागत नाही. उलट ‘बडबड्या’ हा शब्द काढून बघा, सगळं कोसळेल. ते नाव नव्हे, तो खांब आहे.

या कसोटीनं बारीकसारीक वाद मिटतील असं नाही. पण संग्रहातला निम्मा वादग्रस्त माल त्यात गळतो, आणि गळतो तो बहुतेक वेळा आळशीपणे लिहिलेलाच असतो.

## पुस्तकात दहाव्या पानावर जांभई का येते?

पहिलं कारण, आपण एकटे असतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या हसण्याच्या अभ्यासकानं माणसं प्रत्यक्षात कधी हसतात याची नोंद वर्षानुवर्षं केली. एकटेपणी जेवढं हसतो त्याच्या तीसपट लोकांत हसतो, आणि गप्पांतल्या हसण्यापैकी जेमतेम दहा ते वीस टक्के हसणंच विनोदासारख्या वाक्यानंतर येतं, असं त्याला आढळलं. बाकी सगळं ‘चल, भेटू’ अशा साध्या वाक्यांवर. छापील पान सोबत देत नाही. ते सामान देतं, सोबत वाचणाऱ्यानं आणायची.

दुसरं कारण रचनेत आहे. बहुतेक संग्रह विषयवार लावलेले असतात: डॉक्टर, शिक्षक, नवरा-बायको, कंजूष. दिसायला सोयीचं, विनोदाला घातक. ‘डॉक्टर’ विभागात तिसऱ्या विनोदापर्यंत वाचणारा सरावतो. ‘वाचेन’ दिसताच दोन्ही अर्थ हाताशी घेऊन बसतो. चोर येणार हे ठाऊक असलेल्या घरात चोरी होत नाही.

लावायचेच असतील तर सांध्यावरून विचार करून लावा, आणि एका जातीचे दोन सांधे शेजारी ठेवू नका. एक शब्दाची कोटी, मग एक स्वभावाचा, मग एक प्रसंगाचा, मग एक उगीच लांबवलेला. नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिलीत दात दिसत नाहीत; शेवटचीत माणूस बरगड्या धरतो. ओळीनं सहा अतिहसितं ठेवली तर तिसऱ्यापासून त्यांची स्मितं होतात. दोन स्मितं, एक मोठा, पुन्हा एक स्मित, हे बसतं.

आणि एका बैठकीत पाच-सहा. पुस्तक मिटा.

## वही करायची तर

अख्खा विनोद उतरवून ठेवायची गरज नसते. तीन ओळी पुरतात: पहिलं वाक्य, सांध्याचा शब्द आणि पंच शब्दशः. मधलं प्रत्येक वेळी वेगळं सांगितलं तरी चालतं. चौथी ओळ अनुभवाची: कुणाला सांगितला, कुठे अडला. ‘दहाच्या खालच्यांना नाही’, ‘आजारपणात नको’, ‘फोनवर चालत नाही, हातवारे लागतात’ असं काहीही.

मग छाटणी. केस कापणाऱ्याचा विनोद लोक कसा सांगतात: ‘एक माणूस होता, तो एकदा रविवारी सकाळी केस कापायला गेला, तिथे ही गर्दी, शेवटी त्याचा नंबर लागला, आणि तो केस कापणारा इतका बोलायचा, इतका बोलायचा…’ रविवार पंचाला लागत नाही. गर्दी लागत नाही. नंबर तर नाहीच. प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा: हा काढला तर शेवटचा शब्द पडतो का? पडत नसेल तर काढा. अपवाद एकच, ऐकणाऱ्याला मुद्दाम चुकीच्या रुळावर नेणारा तपशील. तो राहू द्या.

किती शब्द आदर्श? ब्रिटनमध्ये रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं २००१-०२ मध्ये इंटरनेटवरून ४० हजारांहून अधिक विनोद गोळा करून लोकांकडून त्यांना गुण देवविले, त्यात १०३ शब्दांचे विनोद सर्वांत सरस ठरले. आकडा मजेदार आहे, पाळायचा नाही. आपल्या नमुन्याला आठ पुरले.

एकाच विनोदाची चार रूपं फिरत असतात. सगळी गोळा करू नका, ज्याचा पंच सर्वांत आखूड ते ठेवा. आणि दुसऱ्याच्या संग्रहातून पानंच्या पानं उचलून छापू नका. विनोदातली कल्पना कुणाच्या मालकीची नसते, पण ती कशा शब्दांत मांडली, त्यावर हक्क असू शकतो.

## सांगताना काय चुकतं

‘एक भन्नाट विनोद सांगतो, हसून हसून मराल.’ इथेच निम्मा गेला. ऐकणारा परीक्षक होऊन बसतो.

थांबा घ्यायचा तो पंचाच्या आधी, श्वासभर. ‘मी वाचेन ना?’ नंतर क्षणभर गप्प राहिलात की पहिलं चित्र पक्कं होतं. फार लांबवलंत तर चलाख श्रोता स्वतःच सांध्यापर्यंत पोचतो. पंचानंतर मात्र तोंड बंद. हशा पिकायला वेळ लागतो, आणि बहुतेक जण त्या शांततेला घाबरून ‘म्हणजे ते डोळ्यांचे डॉक्टर होते’ असं बोलून टाकतात.

मध्येच ‘अरे, एक सांगायचं राहिलं’ असं झालं तर मागे जाऊन दुरुस्त करू नका. विनोद सोडा, दुसरा घ्या, तो पुन्हा कधीतरी. मुळात असं होतं कारण आपण विनोद सुरुवातीपासून पाठ करतो. पाठ करायचा तो उलटा: आधी पंच, मग सांधा, मग मांडणी.

ज्यावर लोक हसण्याऐवजी कण्हतात आणि ‘काय पाचकळ’ म्हणतात, ते पीजे फुकट गेले असं समजू नका. कण्हण्याचा अर्थ उकल झाली, पण फार स्वस्तात. मुलांसोबत हे फार उपयोगी, कारण कण्हणारा मोठा माणूस हाच मुलांच्या दृष्टीनं खरा पंच असतो.

## हसल्यानं आजार बरे होतात का?

आजाराचं सोडा, दुखणं थोडं सुसह्य होतं असं म्हणायला आधार आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या प्रयोगांत सोबतीनं खळखळून हसलेल्या लोकांची वेदना सोसायची क्षमता हसल्यानंतर वाढलेली दिसली. ओठांवरचं शिष्टाचाराचं हसू मोजलं नव्हतं. पोट हलवणारं हवं. औषध मात्र चालू ठेवा.

## मूल विचारतं, ‘म्हणजे काय?’

बैठकीत सगळे हसतात आणि सहा-सात वर्षांचं एक पोर आळीपाळीनं तोंडं बघत विचारतं, म्हणजे काय? ‘मोठा झालास की कळेल’ हे उत्तर रागाचं कारण होतं, आणि विनोद फोडून सांगणं निरुपयोगी. त्याच्याकडे कमी आहे तो फक्त एक अर्थ, तेवढाच पुरवा. ‘तो झाडावरून पडला, पण वाचला. मग घरी जाऊन त्यानं पुस्तकातला धडा वाचला.’ एवढं म्हणा आणि विषय बदला. ‘वाचला’ दोनदा आला हे त्याचं त्याला दिसू द्या.

दोन-तीन दिवसांनी तोच विनोद पुन्हा सांगा. या वेळी ते हसेल, थोडं उशिरा, आणि लगेच धावत जाऊन पहिल्या भेटेल त्या माणसाला सांगेल: ‘एकदा ना, एक माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारतो, मला वाचता येईल का? तर ते म्हणतात, हो, बारीक अक्षरसुद्धा वाचता येईल तुम्हाला, कारण ऑपरेशन डोळ्यांचं आहे!’

आणि पंच पुरा व्हायच्या आत स्वतःच हसत सुटेल.